तांबोशीचा कोटा आणि हौशी गळाचा हिशेब

कापडाचा धंदा करणाऱ्याने मासळीवर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. कोटा नावाची चीज काय असते, ती कोणाला मिळते, कोणाला मिळत नाही, आणि त्या कागदाच्या जोरावर कोण घरबसल्या कमावतो, हे कापडवाल्याइतके जवळून फार थोड्या लोकांनी पाहिले आहे. ३१ डिसेंबर २००४ पर्यंत आपल्या देशातून अमेरिका व युरोपला जाणारा तयार कपडा कोट्यानेच जात होता. कोट्याचा एक भाग मागील वर्षांच्या निर्यातीवर वाटला जाई आणि एक भाग 'प्रथम येईल त्याला प्रथम' या तत्त्वावर सुटे. पहिल्या भागात जुन्या पेढ्यांची चांदी होती. दुसऱ्या भागात नुसती धावपळ होती. ज्याच्याकडे माल होता त्याच्याकडे कोटा नसे, ज्याच्याकडे कोटा होता तो माल न शिवता कोटाच विकी. त्यामुळे अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर एका माशावरून गेली तीस-पस्तीस वर्षे जो तंटा चालला आहे, त्याची हकीकत आम्ही वाचू लागलो तेव्हा ती आम्हाला परकी वाटली नाही.

मासा आहे रेड स्नॅपर. कोकणात ज्याला तांब किंवा तांबोशी म्हणतात त्याच जातकुळीतला, अंगाने लाल, चवीला उत्तम. जागा आहे मेक्सिकोचे आखात. अमेरिकन सरकारने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कागदोपत्री त्याचे नाव 'अमेरिकेचे आखात' असे केले, पण आम्ही येथे जगाला परिचित असलेले नावच वापरतो. टेक्सास, लुईझियाना, मिसिसिपी, अलाबामा आणि फ्लोरिडा ही पाच राज्ये या आखाताला लागून आहेत. भांडण आहे ते पोटासाठी मासे धरणारा आणि हौसेखातर मासे धरणारा यांच्यात. आणि त्या दोघांच्या मध्ये मासा शिल्लक राहिला पाहिजे, ही सरकारची जबाबदारी.

आपल्याकडे हौशी मासेमारी म्हटले की धक्क्यावर किंवा खडकावर गळ टाकून बसलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. दोन-चार मासे मिळाले तर मिळाले, नाही तर संध्याकाळ तरी बरी गेली. अमेरिकेत ही बाब फार मोठी आहे. तेथे सामान्य ऐपतीचा माणूससुद्धा गाडीमागे स्वतःची बोट ओढत समुद्रावर येतो. बोटीवर माशांचा ठाव दाखवणारे यंत्र असते, उपग्रहावरून जागा सांगणारे यंत्र असते, आणि मागे दोन-तीन जोरदार इंजिने असतात. अशी एक बोट फार काही मारत नाही. अशा लाखो बोटी मात्र मारतात. ज्याच्याकडे बोट नाही तो भाड्याची बोट घेतो, कप्तानासकट. किंवा माणशी तिकीट काढून मोठ्या बोटीवर इतरांबरोबर जातो. या भाड्याच्या बोटींवर किनाऱ्यालगतच्या अनेक गावांचा संसार चालतो. कप्तान, खलाशी, आमिष विकणारा, डिझेलचा पंप, हॉटेल, खाणावळ, सगळे त्यात आले.

तांबोशी पन्नास वर्षांहून अधिक जगू शकते. खडकाळ तळ, बुडालेली जहाजे, तेलविहिरींच्या मनोऱ्यांचे पाय, अशा आडोशाला ती राहते. जागा ठाऊक झाली की सापडायला सोपी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्यावर तीन बाजूंनी मार बसला. धंदेवाल्यांच्या बोटी, हौशी गळ, आणि तिसरी म्हणजे कोळंबीची जाळी. समुद्राच्या तळावरून ओढत नेल्या जाणाऱ्या या जाळ्यांत कोळंबीबरोबर तांबोशीची वितभर पिल्ले येत आणि मरत. ती कोणाच्याच हिशेबात नव्हती. पिल्लांना बाहेर पडायला वाट ठेवणारी साधने या जाळ्यांवर १९९८ पासून सक्तीची झाली.

अमेरिकेचा मूळ कायदा १९७६ सालचा. त्याखाली देशाच्या समुद्रासाठी आठ प्रादेशिक मंडळे आहेत. आखाताच्या मंडळावर मताचा अधिकार असलेले सतरा सदस्य असतात, त्यांत सरकारी अधिकारी असतात तसेच धंदेवाले आणि हौशी गटाचे लोकही असतात. म्हणजे ज्यांचा माल त्यांचीच पंचायत. या मंडळाने १९९० च्या सुमारास तांबोशीची वाटणी ठरवली, धंद्याला ५१ टक्के आणि हौशींना ४९ टक्के. आधार काय? तर १९७९ ते १९८७ या वर्षांत कोणी किती मासे नेले त्याचा. कापडवाल्यांना हे लगेच कळेल. 'मागील कामगिरी' म्हणतात ती हीच. ज्याने पूर्वी जास्त नेले त्याला पुढेही जास्त. २०१६ मध्ये ही वाटणी थोडी बदलून हौशींकडे झुकवण्यात आली, धंदेवाले न्यायालयात गेले, आणि २०१७ च्या मार्चमध्ये न्यायालयाने तो बदल रद्द केला. पुन्हा ५१ आणि ४९.

आता दोन्ही हिश्श्यांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. समुद्र एकच, मासा एकच, पण दोन हिश्श्यांची वहीखाती अगदी निराळी निघाली.

धंद्याच्या बाजूला आधी 'प्रथम येईल त्याला प्रथम' होते. हंगाम उघडला की सर्व बोटी एकदम सुटत. पुढे महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांतच तांबोशी धरायची अशी पद्धत आली. वादळ असो, वारा असो, घरात आजारपण असो, त्या दहा दिवसांत गेले नाही तर महिना गेला. सगळ्यांचा माल एकाच वेळी धक्क्यावर येई, भाव कोसळे. उरलेल्या वीस दिवसांत दुसरी मासळी धरताना तांबोशी गळाला लागली तर ती कायद्याने फेकून द्यावी लागे, आणि खोल पाण्यातून वर आलेली ती बहुधा मेलेलीच असे. ज्याने ईदच्या आधी महिनाभराचा माल आठ दिवसांत खपवण्याची धांदल पाहिली आहे त्याला यातले नुकसान सांगायला नको. फरक एवढाच की कापड उरले तर पुढच्या वर्षी विकते.

१ जानेवारी २००७ पासून ही पद्धत बंद झाली. प्रत्येक बोटवाल्याला त्याच्या जुन्या हिशेबाप्रमाणे एकूण कोट्याचा ठराविक हिस्सा नावावर करून देण्यात आला. तेवढे वजन त्याने वर्षभरात कधीही धरावे. बंदरावर यायच्या आधी कळवावे, ठरलेल्या खरेदीदारालाच माल द्यावा, पौंडापौंडाची नोंद व्हावी, आणि विक्रीच्या रकमेवर तीन टक्क्यांपर्यंत शुल्क व्यवस्थेच्या खर्चापोटी भरावे. परिणाम लवकरच दिसला. माल बाराही महिने येऊ लागला, भाव सुधारला, फेकाफेक कमी झाली, आणि धंद्याचा हिस्सा मर्यादेच्या आत राहू लागला.

पण याची दुसरी बाजूही वाचकांपुढे ठेवली पाहिजे. हिस्सा विकता येतो, भाड्याने देता येतो. पहिली पाच वर्षे तो परवानाधारक मच्छीमारांतच फिरत होता. २०१२ पासून कोणाही अमेरिकन नागरिकाला किंवा तेथील कायम रहिवाशाला तो विकत घेता येऊ लागला, त्याने आयुष्यात बोटीवर पाय ठेवला नसला तरी. एका मालकाकडे सहा टक्क्यांहून किंचितच अधिक हिस्सा असू शकतो, एवढी मर्यादा आहे. तरीही ज्याच्या नावावर हिस्सा तो किनाऱ्यावर बसतो आणि तरुण मच्छीमार पौंडामागे भाडे देऊन त्याचाच कोटा धरतो, अशी स्थिती आली. आमच्या धंद्यातला कोट्याचा बाजार ज्यांना आठवतो, त्यांना यात नवल वाटणार नाही. नैसर्गिक संपत्ती कोणाच्याही बापाची नसते. ती एकदा नावावर करून दिली की परत घेणे कठीण, हे मंडळाने आधी ओळखायला हवे होते असे आमचे स्पष्ट मत आहे.

हौशींच्या बाजूला यातले काहीच झाले नाही. तेथे माणसांच्या संख्येवर बंधन नव्हते. ज्याला परवाना हवा त्याला तो मिळे. माणशी माशांची मर्यादा होती, १९९० मध्ये सात, ती उतरत उतरत पुढे दोनवर आली. माशाच्या लांबीची अट होती, सोळा इंचांपेक्षा लहान असेल तर सोडून द्यायचा. आणि उरलेले सारे नियंत्रण दिवसांवर. हंगाम किती दिवसांचा, एवढेच सरकारच्या हाती होते. हे आकडे पाहा. २००७ मध्ये हौशींना १९४ दिवस होते. २००८ मध्ये ६५. २०१२ मध्ये ४६. २०१४ मध्ये ९. आणि २०१७ मध्ये खाजगी बोटींना सरकारने जाहीर केलेले दिवस किती? तीन. १ जून ते ३ जून.

येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. ही सर्व वर्षे मासा कमी होत नव्हता, वाढत होता. २००६ च्या कायद्याने प्रत्येक जातीला वार्षिक मर्यादा सक्तीची केली आणि तांबोशी सावरू लागली. मग दिवस का घटले? कारण मर्यादा वजनाची होती, पौंडांची. मासे वाढले म्हणजे लवकर सापडू लागले, आणि वयाने मोठे झाले म्हणजे प्रत्येकाचे वजन वाढले. पूर्वी जेवढे वजन भरायला महिना लागे, ते आता थोड्या दिवसांत भरू लागले. हौशी माणूस म्हणे, समुद्र तांबोशीने भरला आहे, माझ्या डोळ्यांना दिसतो, मग मला बंदी का? सरकार म्हणे, भरला आहे म्हणूनच. दोघेही खरे बोलत होते. असा तंटा मिटायला अवघड असतो.

त्यात राज्यांनी भर घातली. किनाऱ्यापासून काही मैलांपर्यंतचे पाणी राज्याचे, त्यापलीकडचे केंद्राचे. टेक्सासचे पाणी नऊ सागरी मैलांपर्यंत, आणि तेथे तांबोशी वर्षभर खुली. केंद्राने दिवस कमी केले की इतर राज्ये आपल्या पाण्यात दिवस वाढवीत. मासा मात्र एकाच खात्यातून जाई. राज्याच्या पाण्यात जे धरले ते एकूण हिश्श्यातून वजा होई आणि केंद्राचे दिवस आणखी घटत. एकाच दुकानाचे दोन गल्ले, दोन भाऊ, आणि माल एकाच गोदामातला. शेवटी सर्वात जास्त मार बसला तो भाड्याच्या बोटींना. त्यांचा परवाना केंद्राचा असल्यामुळे केंद्राचा समुद्र बंद झाला की त्यांना राज्याच्या पाण्यातही तांबोशी धरता येत नसे. खाजगी बोटवाला राज्याच्या पाण्यात मजेत मासे धरी आणि ज्याचे पोट त्यावर त्याने धक्क्यावर बोट बांधून ठेवायची.

मूळ दुखणे मोजमापाचे होते. धंद्याचा मासा काट्यावर तोलला जाई. हौशी माशाचा अंदाज काढला जाई. धक्क्यावर उभे राहून काही लोकांना विचारायचे, घरोघर दूरध्वनी करून किंवा पुढे टपालाने विचारायचे की गेल्या दोन महिन्यांत किती वेळा गेलात, आणि मग गुणाकार करायचा. ही पद्धत वर्षावर्षांचा कल पाहायला ठीक आहे. नऊ दिवसांचा हंगाम चालवायला ती कशी पुरणार? हंगाम संपून महिने गेल्यावर कळे की मर्यादा ओलांडली. पुढच्या वर्षी तिची वसुली दिवस कापून व्हायची.

धंदेवाल्यांनी याच मुद्द्यावर सरकारला न्यायालयात खेचले. आमचा हिस्सा आम्ही पौंडापौंडाने पाळतो, समोरचा वर्षानुवर्षे ओलांडतो आणि तुम्ही ओलांडू देता, असा त्यांचा दावा होता. मार्च २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने तो मान्य केला. त्यानंतर सरकारने हौशींच्या हिश्श्यातून वीस टक्के बाजूला ठेवायला सुरुवात केली आणि त्या वर्षीचा हंगाम नऊ दिवसांवर आला. पुढच्या वर्षी मंडळाने हौशी हिश्श्याचेच दोन भाग केले. भाड्याच्या बोटींना ४२.३ टक्के, खाजगी बोटींना ५७.७ टक्के. फरक लगेच पडला. २०१५ मध्ये भाड्याच्या बोटींना ४४ दिवस मिळाले, खाजगींना १०. बोटींची संख्या ज्या बाजूला ठरलेली होती तेथे दिवस वाढले, जेथे मोकाट होती तेथे घटले.

२०१७ चे तीन दिवस जाहीर झाल्यावर जो गहजब झाला त्याची कल्पना करता येते. हौशी माणूस मतदारही असतो, आणि बोटींचे, इंजिनांचे, गळाच्या सामानाचे कारखानदार त्याच्या मागे असतात. जूनमध्ये वाणिज्य मंत्रालयाने ३९ दिवस वाढवून दिले. मर्यादा बरीच ओलांडली जाईल आणि साठा सावरण्याचे काम लांबेल, हे सरकारच्या स्वतःच्याच सूचनेत कबूल केलेले होते. निसर्गरक्षण करणाऱ्या संस्था न्यायालयात गेल्या. आम्हाला विचाराल तर तीन दिवस हा जितका पोरकटपणा होता, तितकाच त्यावर ३९ दिवस हा होता. पहिला निर्णय चुकीच्या मोजमापाचा, दुसरा दबावाचा. मासा दोन्हींत कोठेच नव्हता.

त्यानंतर वाट जराशी सुधारली. २०१८ पासून प्रयोग म्हणून आणि २०२० पासून कायम, खाजगी हौशींचा हिस्सा पाच राज्यांत वाटून देण्यात आला. ज्याने त्याने आपला हिस्सा आपल्या पद्धतीने मोजावा आणि संपला की बंद करावा. राज्यांनी मोजणी आधीच सुरू केली होती. लुईझियानाने २०१४ पासून धक्क्यावरील पाहणी आणि दर आठवड्याचे दूरध्वनी अशी स्वतःची पद्धत बसवली. अलाबामाने त्याच वर्षी आणलेल्या तांबोशीची नोंद सक्तीची केली. मिसिसिपीने २०१५ पासून असा नियम केला की बोट निघण्यापूर्वीच क्रमांक घ्यायचा, आणि परत आल्यावर मासे सांगून तो क्रमांक बंद करायचा. आधीचा बंद केल्याशिवाय नवा मिळत नाही. आमच्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वात शहाणपणाचा नियम हाच. जुनी उधारी चुकती केल्याशिवाय नवा ताका नाही, हे कोणताही घाऊक व्यापारी जाणतो.

हिशेब धक्क्याजवळ आला तसे दिवसही परत आले. तीन दिवसांच्या जागी हंगाम आठवडेच्या आठवडे चालू लागले. फ्लोरिडाने २०२५ मध्ये खाजगी बोटींना शंभराहून अधिक दिवस दिले.

तरी तंटा संपला नाही, कारण पाच राज्यांचे पाच गज. जुन्या वाचकांना वार आणि मीटर यांतला घोळ आठवत असेल. वारात खरेदी, मीटरमध्ये विक्री, आणि शेवटी ताक्यात तूट. तसेच येथे झाले. केंद्राची मर्यादा केंद्राच्या पाहणीवरून काढलेली, आणि राज्ये मोजणार आपल्या मापाने. केंद्राची पाहणी अलाबामा आणि मिसिसिपीचे मासे राज्याच्या मोजणीपेक्षा बरेच अधिक दाखवी. म्हणून २०२३ पासून या दोन राज्यांचा हिस्सा त्यांच्या मापात जवळपास निम्म्यावर आणला गेला. राज्ये म्हणतात, आम्ही नीट मोजले त्याची शिक्षा आम्हाला. केंद्र म्हणते, माप एक केल्याशिवाय वाटणी न्यायाची होत नाही. व्यापारी म्हणून आम्हाला केंद्राचे म्हणणे पटते, आणि माणूस म्हणून अलाबामावाल्याचा राग समजतो.

दरम्यान समुद्रात एकूण मासा किती, हाही वाद होता. काँग्रेसने त्यासाठी वेगळा पैसा दिला. टेक्सासमधील हार्ट संशोधन संस्थेच्या नेतृत्वाखाली अनेक विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी कॅमेरे, ध्वनियंत्रे आणि खुणेच्या चिठ्ठ्या लावलेले मासे वापरून मोजणी केली. २०२१ मध्ये आकडा आला, दोन वर्षांवरील सुमारे ११ कोटी मासे. आधीच्या सरकारी अंदाजाच्या साधारण तिप्पट. हौशी गोटात आनंदीआनंद झाला. पण यातला मोठा भाग खडकांपासून आणि मनोऱ्यांपासून दूर, सपाट तळावर विखुरलेला निघाला, जेथे कोणी गळ टाकायला जात नाही. गोदामात माल आहे, पण गल्ल्याजवळच्या कपाटातला संपत आला आहे, असे काहीसे. म्हणून मर्यादा वाढली ती जपूनच, तिप्पट नव्हे. हे आम्हाला योग्य वाटते. दूरचा साठा हा राखीव साठा असतो, तोही आजच विक्रीला काढणे कोणत्या शहाण्याला सुचेल?

एका बाबतीत मात्र हौशी माणसाचे कौतुक केले पाहिजे, आणि व्यापाराच्या पानावर ते विशेष करून लिहिले पाहिजे. अमेरिकेत १९५० च्या कायद्याने गळाच्या काठ्या, रीळ, आमिषे यांवर कारखानदाराकडून दहा टक्के कर घेतला जातो. बाहेरून आलेल्या मालावर तो आयात करणारा भरतो. १९८४ मध्ये त्यात आणखी सामान आणि बोटींच्या इंधनावरील कर जोडला गेला. हा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळत नाही. तो राज्यांना मासे आणि पाणी यांच्या कामासाठीच मिळतो. हिस्सा ठरतो साठ टक्के परवानाधारक गळवाल्यांच्या संख्येवर आणि चाळीस टक्के राज्याच्या क्षेत्रफळावर. कामाच्या खर्चाचे तीन भाग या निधीतून, एक भाग राज्याने घालायचा. अट अशी की राज्याने परवान्याची फी दुसऱ्या कोणत्याही कामाला वळवता कामा नये. वळवली तर निधी बंद. त्यातलाच काही हिस्सा बोटी पाण्यात उतरवण्याचे उतार आणि धक्के बांधण्यासाठी राखून ठेवावा लागतो. म्हणजे जो सामान विकत घेतो त्याच्याच पैशातून मासेही राखले जातात आणि त्याला पाण्यापर्यंतची वाटही मिळते. सत्तर वर्षांहून अधिक काळ हा कर चालू आहे. आपल्याकडे कोणत्याही मालावर कर बसला की व्यापारी आधी मोर्चा काढतो, आणि तो पैसा कोठे गेला हे विचारायची सोय नसते हे त्याचे एक कारण आहे. पैसा दिसला तर विरोध कमी होतो.

पण कर भरला म्हणजे हक्क अमर्याद झाला, असे हौशी संघटनांचे काही पुढारी बोलतात ते आम्हाला मान्य नाही. बोट नसलेला माणूसही त्या समुद्राचा मालक आहे. शिकागोतला किंवा डेन्व्हरमधला नोकरदार समुद्रावर कधी जाणार? त्याला तांबोशी मिळते ती बाजारात किंवा हॉटेलच्या ताटात. त्याचा गळ म्हणजे धंदेवाल्याचा गळ. ५१ टक्क्यांचा हिस्सा केवळ काही बोटवाल्यांचा नसून त्या गिऱ्हाइकाचाही आहे, ही गोष्ट हौशींच्या सभांत फारशी बोलली जात नाही.

आणखी एक हिशेब राहतो, सोडून दिलेल्या माशांचा. 'धरा आणि सोडा' हे ऐकायला फार सभ्य वाटते. तांबोशी शंभर-दीडशे फूट खोलीतून झपाट्याने वर आली की तिच्या पोटातील हवेची पिशवी फुगते, जठर तोंडातून बाहेर येते, डोळे वटारले जातात. तशीच पाण्यात टाकली तर ती तरंगत राहते आणि पक्षी किंवा डॉल्फिन तिचा फडशा पाडतात. वजन लावून तिला पुन्हा खोल नेऊन सोडणारे साधन मिळते. असे साधन किंवा हवा काढण्याची सुई बोटीवर तयार ठेवावी असा कायदा आखातासाठी २०२२ पासून मुदत बांधून लागू करण्यात आला.

हा हिशेब न जुळल्यास काय होते ते अटलांटिकच्या बाजूला पाहावे. नॉर्थ कॅरोलायना ते फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत तांबोशी २०१० पासून जवळपास बंदच. मासा वाढला आहे, सर्व कबूल करतात. पण लोक दुसरी मासळी धरायला जातात, तांबोशी गळाला लागते, नियमाप्रमाणे सोडावी लागते, आणि त्यातल्या कित्येक मरतात. मर्यादेचा मोठा भाग अशा मेलेल्या माशांतच संपतो, घरी न्यायला काही उरत नाही. २०२४ मध्ये तेथे हौशींना एक दिवस मिळाला, २०२५ मध्ये दोन. हे मरण थांबवायचे तर वर्षातून काही महिने त्या तळावरची सर्वच मासेमारी बंद ठेवावी, असा प्रस्ताव २०२५ च्या जानेवारीत फ्लोरिडाच्या ईशान्य किनाऱ्यासाठी मांडला गेला. मोठी ओरड झाली. जूनच्या अंतिम आदेशात तो नव्हता. मरण्याचे प्रमाण तेवढेच राहिले.

आखातात भाड्याच्या बोटींनीही प्रत्येक फेरीचा तपशील द्यावा आणि बोट कोठे आहे हे सांगणारे यंत्र बसवावे, असा नियम सरकारने केला होता. काही कप्तानांनी त्याला स्वागत म्हटले, कारण मोजणी पक्की झाली तर दिवस वाढतील हे त्यांनी पाहिले होते. इतर काही कप्तान न्यायालयात गेले. गुन्हा नाही, संशय नाही, मग सरकार चोवीस तास आमच्या मागावर का, असे त्यांचे म्हणणे. २३ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यू ऑर्लिन्स येथील अपील न्यायालयाने हा नियम रद्द केला. यंत्राबरोबर फेरीच्या नोंदीची सक्तीही गेली. मंडळापुढे आता यंत्राशिवायची नवी नोंदपद्धत बसवण्याचे काम येऊन पडले आणि भाड्याच्या बोटींचे मासे पुन्हा पाहणीच्या अंदाजावर मोजले जाऊ लागले.